बुधवारचे अठ्ठावीस कोट

रविवार, १७ मार्च २०१९

शुक्रवारी संध्याकाळी तू माझ्या पत्रपेटीत शाळेच्या तक्रारीची नऊ पानं टाकलीस आणि बेल वाजवली नाहीस. मी आतच होते. तुझा निळा कोट खिडकीवरून जाताना दिसला. टपालवालासुद्धा माझ्याशी दोन शब्द बोलून जातो. आणि छापलेलं अक्षर केवढंसं ते, मुंगी शाईत पाय बुडवून चालली असावी तसं. भिंग घेऊन वाचता वाचता शनिवारची अख्खी सकाळ गेली आणि सूप खाली लागलं ते वेगळंच.

प्रिय लिसबेत,

तुम्ही तिघं बरी असाल. माझा गुडघा आहे तसाच आहे. डीटरला सांग, त्यानं पन्हाळ साफ केल्यापासून भिंतीवर ओल येत नाही, जावई कामाचा आहे. शेजारच्या मारियेटनं परत केस रंगवलेत, या वेळी गाजरासारखे.

तीन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि मी तिकीट लावून पत्र पाठवतेय, म्हणून हसशील. हस. तोंडानं सांगायला आले असते तर दुसऱ्या वाक्याला तू "आई, मला माहितीये" म्हणाली असतीस. तुला माहीत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, तेवढ्यासाठी लिहितेय. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्रशच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत.

आधी तुझ्या पानांबद्दल. चांगली लिहिली आहेस. सप्टेंबरात आपल्या फीनच्या बालवाडीच्या वर्गात बारा मुलं होती. मग दर सुट्टीनंतर अडीच वर्षं पूर्ण झालेली नवी पोरं आली. नोव्हेंबरात सतरा, नाताळनंतर तेवीस, आणि या सोमवारपासून अठ्ठावीस. खोली तीच, बाई एकच, छोटे संडास दोनच. मदतनीस आठवड्यातून सहा तास, तेही तिला ताप नसेल तर. सगळं खरं आहे. मी जानेवारीपासून दर बुधवारी आणि शुक्रवारी तिथे मदतीला उभी असते, मला कोण सांगणार. सव्वीस खुंट्या आहेत. फुगा, छत्री, बेडूक अशी चित्रं लावलेली, कारण त्या वयात पोरांना नाव वाचता येत नाही. सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या पोराला चित्रच उरलं नाही, त्यांचे कोट दुसऱ्यांच्या कोटांवर टांगतात. हे तू लिहिलंस ते बरं केलंस. शाळेच्या मंडळानं ते वाचलंच पाहिजे.

पण सातव्या पानावर तू योलीनबाईंबद्दल लिहिलं आहेस. येत्या गुरुवारी चर्चमागच्या सभागृहात मंडळ बसणार, आणि त्या पानावर त्या मुलीची नोकरी टिकणार की जाणार ते ठरणार. चोवीस वर्षांची पोर आहे, जूनपर्यंतच्या कागदावर नेमलेली. तिला काढायला मंडळाला काही खर्च पडत नाही. नवा वर्ग उघडायला पडतो. ते लोक तुझं सातवं पान चघळून चघळून वाचतील आणि बाकीच्या आठ पानांवर कॉफीचे कप ठेवतील. इतकी शिकलेली तू, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

त्या पानावर खाली माझी सही आहे. "घटनेच्या वेळी उपस्थित असलेल्या आजी, गॉदलीव." शुक्रवारी तू गाडीच्या बॉनेटवर कागद धरलास आणि म्हणालीस, "आई, इथे, पटकन." मी केली. पान वाचलं नव्हतं, असं मला आता म्हणता येईल. चष्मा पर्समध्ये होता, हेही म्हणता येईल. त्यात काय लिहिलं असणार ते मला ठाऊक होतं, लिसबेत. म्हणूनच चष्मा काढला नाही.

मध्ये उठून भांडी घासून आले. हातांना काम असलं की बरं असतं.

बुधवारचं सांगते. बुधवारी शाळा बाराच्या आत सुटते, आणि अकरा वाजल्यापासून कोट घालायला लागावं लागतं. तू कधी अठ्ठावीस कोट घातले आहेस? आतली बाही उलटी, चेन अडकलेली, एका हातमोज्यात दोन अंगठे घालून रडणारं एक, आणि घातलेला कोट परत काढून ठेवणारी दोन. नव्यांपैकी एक पोरगा सोमवारपासून गळा काढून रडतोय, तो योलीनबाईंच्या कडेवर. त्याला तसंच घेऊन ती एका हातानं बाकीच्यांच्या बुटांचे पट्टे लावत होती. तेवढ्यात गाणंही म्हणत होती. मला गाणी आवडत नाहीत, पण पोरं गप्प बसली हे खरं.

साडेअकराला फीन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, शी." मी तिचा कोट खुंटीवरून काढला, हातावर टाकला, तिला संडासात नेलं, बसवलं. म्हटलं, "झालं की हाक मार. मी येईपर्यंत उठायचं नाही. भिंतीला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "बरं." तुझ्यासारखी वाद घालत नाही ती.

बाहेर आले तर बेडकाच्या चित्रवाल्या पोरीच्या नाकातून रक्त. फरशीवर, कोटावर, माझ्या बाहीवर. हातातला फीनचा कोट बाकावर टाकला, तिचं नाक दाबलं, रुमाल ओला केला, तिची समजूत घातली. मग रांगा लागल्या. एक फाटकाकडे, एक पाळणाघराच्या गाडीकडे. योलीनबाईंनी दारातून विचारलं, "गॉदलीवआजी, सगळी झाली?"

मी खुंट्यांकडे पाहिलं. सगळ्या रिकाम्या. तीस वर्षं कारखान्यात शेवटची मोजणी मी करायचे, पेटीत एक ब्रश कमी निघाला असं कधी झालं नाही. मी म्हणाले, "सगळी झाली."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि रांग घेऊन गेली. पाळणाघराच्या बाईच्या यादीत फीनचं नाव होतं. पण तिनं मला आवारात पाहिलं होतं, तिला वाटलं आजीनं नेली असेल. मी घरी आले, बाही थंड पाण्यात भिजवली, बटाटे सोलायला बसले.

एक वाजता तुझा फोन आला. तू रडत होतीस, म्हणून मला आधी कळेचना. फीन पाळणाघरात नव्हती, तू शाळेकडे धावलीस, आणि ती संडासात बसलेली सापडली, जवळजवळ एक तास. पाय निळे पडले होते. हाका मारून मारून आवाज बसला होता. हे तू सांगत होतीस, आणि फोन कानाला असतानाच मला आठवलं. त्याच्या आधी नाही. तो तासभर माझ्या डोक्यात ती पोर नव्हतीच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तू म्हणालीस, "अठ्ठावीस पोरांत ती बाई माझ्या लेकराला विसरली." आणि मी म्हणाले, "त्या बाईचं लक्षच नसतं." माझ्या तोंडून निघालं ते. इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. गुरुवारी तेच बेकरीत ऐकलं, शुक्रवारी तेच छापून आलं.

सातव्या पानावर लिहिलंय, बाईंनी मुख्याध्यापकांपुढे कबूल केलं की त्यांनी मुलं मोजली नाहीत. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तिनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं. तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही, लिसबेत. एका म्हातारीला गावासमोर उभं करण्यापेक्षा तिनं स्वतःची नोकरी पुढे केली. एवढी अक्कल मला चोविसाव्या वर्षी नव्हती, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नाही.

एवढं झाल्यावरही मी गप्प बसले असते, हे तुला माहीत असू दे. जून येईल, नवी बाई येईल, लोक विसरतील, असं मी स्वतःला समजावत होते.

पण काल दुपारी डीटर फीनला घेऊन आला. मी पॅनकेक केले. तिनं तीन खाल्ले, साखर नाकापर्यंत. डीटर बाहेर सायकलला हवा भरत होता. मी विचारलं, "पाय दुखतात का गं अजून?" ती म्हणाली, "नाही. बाई मला विसरल्या." असं म्हणून ताटावरनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. पोरं आपण रंगवलेलं चित्र बरोबर आहे का ते बघायला वर पाहतात ना, तसं.

मी म्हणाले, "कोणी सांगितलं तुला?"

"आईनं. मी म्हटलं, आजी म्हणाली बस. आई म्हणाली, नाही राणी, आजी नाही, बाई म्हणाल्या." मग तिनं चौथा पॅनकेक मागितला.

मी दिला. दुसरं काय करणार होते?

तुझ्या पाचव्या पानावर हेच आहे, आठवतंय का? "धक्क्यामुळे मुलीच्या बोलण्यात गोंधळ आहे." तिच्या बोलण्यात काही गोंधळ नव्हता. त्या अख्ख्या शाळेत एकटीच खरं बोलत होती ती, आणि आपण दोघींनी मिळून तिला चार दिवसांत खोटं शिकवलं. तू नकळत. मी कळून. अडीच वर्षांच्या पोरीनं पाहिलं की मोठ्यांना दुसरं काहीतरी ऐकायचंय, आणि ते बोलायला लागली. मी रात्री झोपले नाही, ते गुडघ्यामुळे असं मारियेटला सांगितलंय.

तू विचारशील, "मुळात तू तिथे गेलीस कशाला? तुला पोरांचा कंटाळा येतो." नाताळात तूच म्हणाली होतीस, "आई, तू जा ना, बाई एकटी आहे." म्हणून गेले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. तू बालवाडीत होतीस तेव्हा माझी कारखान्यातली पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. तुला तुझी मावशी शाळेत सोडायची. तुझ्या वर्गात एकोणचाळीस होती, वर एक म्हातारी नन, आणि कोणाच्या आईनं हूं की चूं केलं नाही. मी तुला एकदाही शाळेच्या फाटकात घ्यायला आले नाही. तुझ्या कोटाची बटणं कोण लावायचं तेही मला माहीत नाही. फीनच्या वर्गाच्या दारात पहिल्या बुधवारी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आता निदान हिची तरी लावेन. झालं हे असं. हे लिहायचं नव्हतं, पण शाईनं लिहिलंय आणि दुसरा कागद घेणार नाही.

आता काय करायचं ते.

तुझी आठ पानं तशीच ठेव. उलट त्यात भर घाल. लिही की बाई धडधाकट आहे, कामसू आहे, तिच्या मदतीला आलेली आजी पोरं वाढवलेली, मोजणीत कधी न चुकलेली, आणि तरीही त्या गर्दीत सख्खी नात संडासात बसवून घरी गेली. याहून मोठा पुरावा तुला कुठे मिळणार आहे? ईस्टरनंतर आणखी चार येणार आहेत. मंडळाला विचार, त्यांना कुठे टांगणार? नवा वर्ग माग, दुसरी बाई माग, आवाज चढवून माग, तुला ते जमतं. पाचव्या पानावरचं ते गोंधळाचं वाक्य खोड. सातवं पान मात्र फाड.

गुरुवारी सात वाजता मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तू बोललीस तरी मी उठेन, तू गप्प राहिलीस तरी उठेन. नाव घेऊन सांगेन. बेकरीवालीनं मागे बसून ऐकावं अशी माझी इच्छा आहे, म्हणजे मला सगळ्यांना वेगवेगळं सांगावं लागणार नाही. त्यानंतर मला शाळेत येऊ द्यायचं की नाही ते शाळेनं ठरवावं. फीनला माझ्याकडे पाठवायचं की नाही ते तू ठरव. मी काही मागणार नाही.

रागाव. तुला रागावता येतं, आणि यावेळी कारण आहे. फक्त डीटरला मध्ये घालू नकोस, तो बिचारा दोन्हीकडे मान हलवतो आणि मग त्याचं पोट बिघडतं.

मला उत्तर लिहू नकोस. उत्तर योलीनबाईंना लिही, तू स्वतः, हातानं, मंडळामार्फत नाही आणि कॉम्प्युटरवर तर नाहीच. ते गुरुवारच्या आधी तिला मिळालं पाहिजे. आणि फीन कधीतरी विचारेल, आजी मला का विसरली. तिला गप्प करायचं नाही, गोष्ट रचून सांगायची नाही, एक शब्द बोलायचा नाही. कोट घालायचा, तीन गल्ल्या चालवायची आणि माझ्या दारात आणून उभी करायची. त्याचं उत्तर मी देणार.

तुझी आई,
गॉदलीव