साक्ष मागे घ्यायची

४ नोव्हेंबर

दादाला दारातूनच परत पाठवला. सख्खा भाऊ, त्यात चर्चचा पाळक — असेल! बायबल काखेत, तोंड एवढंसं. "आशा सोडू नकोस गं. निदान प्रार्थना तरी करू दे." म्हटलं, तुझ्या आशेनंच माझा नवरा अंथरुणाला खिळला, आता पुरे. त्याच्या तोंडावर दार लावलं. फार बरं वाटलं!

५ नोव्हेंबर

नर्सबाईंनी मॉर्फिन वाढवलं. "आठवडाभर, ताई. फार तर दहा दिवस."

६ नोव्हेंबर

एप्रिलमधला तो रविवार डोक्यातून जात नाही. दादानं ह्यांना उपासनेत पुढे बोलावलं. माइकवर साक्ष — "प्रभूनं मला बरं केलं!" अख्खी मंडळी उभी राहिली. सगळ्यांत मोठ्यानं मी रडले, बावळट! त्याच आठवड्यात ह्यांनी केमो बंद केली. बऱ्या माणसाला औषध कशाला? ऑगस्टमध्ये कॅन्सर यकृतात पोचला.

देवावर राग नाही माझा, त्याच्याशी रोज बोलते. दादाला मात्र सोडणार नाही. चांगली अद्दल घडवीन.

७ नोव्हेंबर

ठरलं. साक्ष ह्यांनी दिली, मागेही ह्यांनीच घ्यायची. मोबाइलवर रेकॉर्ड करते — "मी बरा झालो नव्हतो, पाळकानं मला बोलायला लावलं." आणि अंत्यविधीला, दादा मंडळीपुढे उभा राहिला की त्याच माइकवर लावते. बघू मग कोणती आशा सांगतो ते!

नवऱ्याच्या अंत्यविधीची वाट बघणारी बायको. लाज वाटायला हवी. नाही वाटत.

८ नोव्हेंबर

हे दिवसभर गुंगीत. मी मनातल्या मनात दादाचा चेहरा बघत बसले. मजेत गेला दिवस.

९ नोव्हेंबर

सकाळी हे शुद्धीवर. मोबाइल तोंडाशी धरला. "सांगा, कोणी बोलायला लावलं?"

"कोणी नाही. दादा नकोच म्हणत होता — खोटी साक्ष कशी चालेल? मीच त्याचे पाय धरले. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं होतं, केमोचा आता उपयोग नाही. आणि तू तर अन्नपाणी टाकलेलंस... दादाकडून वचन घेतलं, तुला कळू द्यायचं नाही." मग दम लागला. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या रविवारी घरी येऊन पोटभर जेवलीस तू."

जेवले होते. दोनदा वाढून घेतलं होतं.