लाळेऱ्याचा वचपा

३ फेब्रुवारी
आज सूनबाईनं मला लाळेरं बांधलं. शेजारीण समोर बसलेली असताना! गळ्याभोवती टॉवेल, मागे चिमटा — आणि वर म्हणते कशी, "असू द्या आई, कपडे खराब होतात." शेजारीण कीव आल्यासारखी हसली. पक्षाघाताच्या झटक्यानं माझी जीभ लुळी पडली, बोलणं गेलं, गिळणं गेलं, कबूल. पण उजवा हात शाबूत आहे आणि डोकंही. याचा वचपा काढणार म्हणजे काढणार!

५ फेब्रुवारी
आज भोपळा. काल गाजर. उद्या पुन्हा भोपळाच असणार. मिक्सरमधून फिरवायचं, गाळणीतून दाबून काढायचं, मग चमचा तिरका करून बघायचं — एका गोळ्यात पडलं तर पास, पाण्यासारखं ओघळलं तर परत गॅसवर. इतकी वर्षं मी तिच्या रांधण्यात गुठळ्या काढत आले. आता एक सापडेल तर शपथ! भरवताना माझ्या गळ्याकडे टक लावून बसते. पहारेकरीण मेली.

हनुवटीबाई येऊन गेली. गिळायला शिकवते ती. "हनुवटी खाली, हनुवटी खाली" एवढंच तिचं चालू असतं. सूनबाईला सांगत होती, "ठसका लागला तर घाबरू नका, घसा जागा आहे समजायचं. खाता खाता एकदम गप्प झाल्या, तर मात्र धावायचं." माझ्यासमोर, माझ्याबद्दल! मी म्हणजे जणू खुर्ची.

पण ठसका — कल्पना वाईट नाही.

६ फेब्रुवारी
भोपळाच.

८ फेब्रुवारी
जमलं! चिरंजीव जेवायला घरी होते. सूनबाई पाठमोरी झाली आणि मी बाहीतला बिस्किटाचा तुकडा वाटीत सोडला. शेजारणीनं गुपचूप हातात ठेवलेलं बिस्कीट, कामी आलं. घास तोंडात घेतला, थुंकला, आणि असा ठसका काढला की चिरंजीव ताडकन उठले. "गुठळी? आईचा जीव घेशील एखाद दिवस!"

सूनबाई जागची हलली नाही. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नीट गाळलं गेलं नसेल," म्हणाली. बस्स! भांडेल, रडेल असं वाटलं होतं. तरी गार वाटलं. जिरली एकदाची!

९ फेब्रुवारी
चिरंजिवांनी बहिणीला बोलावून घेतलं. आता माझं सूप माझी लेक करणार, सूनबाईनं भांडी घासायची. लाळेरंही गेलं. "कशाला ते, आईला लाज वाटते," लेक म्हणाली. शेवटी पोटची ती पोटची!

११ फेब्रुवारी
लेकीच्या हाताला चव आहे. लोणी सढळ घालते. गाळणी मात्र घेत नाही. "मिक्सर आहे ना, मग?" पालकाचे दोरे जिभेवर लागतात. पाटीवर लिहून सांगणार होते, पण सूनबाई तिथेच उभी! तिच्यादेखत गाळणी मागू? मेले तरी नाही.

१३ फेब्रुवारी


दुपारी पालकाचा दोरा अडकला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. ठसका काढायला गेले — आलाच नाही. खोटा केवढा दणक्यात आला होता! लेक समोरच होती, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन, बोलत होती. तिला पत्ताच नाही. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. सूनबाई दारातून एकदा माझ्याकडे बघून धावलीच. साबणाच्या हातांनी मला पुढे वाकवलं, पाठीत थापा घातल्या. दोरा बाहेर पडला. मी जगले.

लेक रडायलाच लागली. "वहिनी, तुला आत कसं गं ऐकू आलं?"

"काहीच ऐकू येईना, म्हणून तर आले."

१४ फेब्रुवारी
आज वाटी सूनबाईनं आणली. लाळेऱ्यासाठी मी स्वतःच मान पुढे केली.

आठ तारखेला माझा ठसका ऐकून ती जागची का हलली नव्हती, ते आत्ता कळलं.