गडगड्याच्या एकतीस चुका

४ जून, सकाळ

एखाद्या माणसाने एकच सिनेमा दर रविवारी, वीस-बावीस वर्षं का पाहावा? मला उत्तर येत नाही. समाजशास्त्रात पदवी घेतली, घरातली पहिली. ती फ्रेम करून भिंतीवर लावली आहे, आणि तिच्याच खाली खुर्ची टाकून बाबा 'गडगड्याचा हल्ला' बघत बसतात. पदवी वर, प्रश्न खाली.

नोंद म्हणून लिहून ठेवते: त्या सिनेमातला महाकाय राक्षस म्हणजे आमचे बाबा. स्पंजचा सूट, रबराची शेपूट, पाठीवर पुठ्ठ्याचे काटे, आणि आत बाबा. एका बंद गोदामात अकरा दिवसांत शूटिंग झालं. तुडवायचं शहर आईने बनवलं होतं, बुटांच्या खोक्यांचं. मी दोन वर्षांची असताना आई गेली. मला ती एका फोटोपुरती माहीत आहे. त्यात ती ओळखपत्रासाठी बसवल्यासारखी सरळ समोर बघते.

बाबा पूर्ण सिनेमा पाहतच नाहीत. मी स्वयंपाकघरात असते, लोकांच्या किंकाळ्या ऐकू येतात, मग मशीनची घरघर, मग त्याच किंकाळ्या. पुन्हा घरघर. रिमोटचं मागे जाण्याचं बटण अडकतं. दुरुस्त करून घ्यायला हवं.

संकल्प: १) बाबांना त्यांचा मान मिळवून देणे. २) रोज पाचला उठणे.

५ जून

साडेसातला उठले. पण मनाने पाचपासून जागी होते.

६ जून, दुपार, वाचनालय

मॅडमनी विचारलं, सभासदांच्या पुढच्या कार्यक्रमासाठी कोणाला काही सुचतंय का. मी तात्पुरती सहायक असले तरी हात वर केला आणि कमी खर्चाच्या राक्षसपटांवर वीस मिनिटं बोलले. म्हटलं, मोठ्या सिनेमात कॉम्प्युटर शहर पाडतो, त्याला घाम येत नाही. छोट्या सिनेमात एक माणूस स्पंजमध्ये उकडत असतो आणि तरी पाय सावकाश टाकतो, कारण भराभर चालला तर तो पन्नास मजली वाटणार नाही. त्या सावकाश पावलात जेवढी श्रद्धा आहे तेवढी मी कुठल्याच वर्गात पाहिली नाही. मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, छान आहे गं, मुलं खूप हसतील ना?

मी ठामपणे सांगितलं, हसण्यासारखं काही ठेवणारच नाही.

तारीख मिळाली. १ जुलै.

८ जून, रविवार

वही घेऊन बाबांच्या शेजारी बसले आणि चुका उतरवल्या. एकूण एकतीस. काही इथे लिहिते.

चूक १: राक्षसाच्या पाठीवर चेन दिसते. ६: राक्षसाची सावली ढगावर पडते. ९: कोर्टाच्या भिंतीवर बुटाचा नंबर, आठ. १४: पुलावर माशी बसते, ती बसपेक्षा मोठी आहे. १९: मरताना राक्षस शिंकतो. २२: पळणारे हजारो लोक म्हणजे तेच सहा जण, टोप्या बदलून. २३: उंच टॉवर वेळेआधी कलतो आणि फ्रेमच्या कडेने कोणाचा तरी डावा हात येऊन तो सावरतो. अंगठ्याला चिकटपट्टी. चार सेकंद. अक्षम्य.

बाबांना विचारलं, हे तुम्हाला कधी खटकलं नाही का? म्हणाले, काय खटकायचं? मी यादी वाचून दाखवली. शिंकेपर्यंत हसत होते. तेविसाव्याला खोकल्याची उबळ आली आणि पाणी आणायला मला उठावं लागलं.

१० जून

गल्लीत गॅसवाला ओरडला, गडगड्या, सिलिंडर! बाबांनी खिडकीतून दोन्ही हात पंजांसारखे वर केले आणि गुरगुरले. दम लागला. तरी हसले.

हा अपमान आहे हे त्यांना कळत नाही. म्हणूनच माझ्या कामाला महत्त्व आहे.

१२ जून

कॅसेट जुनी झाली, म्हणून डिजिटल करायला नेली. कॅसेटवाले काका म्हणाले, हिला बुरशी धरलीय, एकदाच चालेल, नंतरची खात्री नाही. चालली. संध्याकाळी पेनड्राइव्ह देताना म्हणाले, ताई, बाकी टेप बरी आहे, पण मध्ये एक जागा पार घासली गेलीय. कोणीतरी तिथेच सारखं मागेपुढे केलंय. कोणाची आवडती जागा आहे का हो?

मी म्हटलं, रिमोटचा दोष आहे.

बघून घेतलं. तेविसावी चूक नेमकी त्याच जागी आहे. चूक तर चूक, वर खराबही. तिथूनच कापायला सुरुवात करणार.

१३ जून

आत्याला योजना सांगितली. आत्या आमच्याकडेच राहते, शिवणकारखान्यात काज-बटणं करते, आणि हा सिनेमा लागला की काहीतरी काम काढून बाहेर जाते. म्हणाली, पदवी काय मिळाली, पोरगी राक्षसाला वळण लावायला निघाली! मग सुई थांबवून म्हणाली, दादाला विचारलंस का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, आधी विचार. मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसं राहील? तर्कशुद्ध मुद्दा होता. तिने पुन्हा सुई चालवली.

१४ जून

तरी बाबांना ओझरतं सांगितलं की सिनेमा कॉम्प्युटरवर घेतेय. त्यांनी विचारलं, सगळं तसंच राहील ना? मी म्हटलं, त्याहून चांगलं. त्यांनी मान डोलावली. म्हणजे संमती.

२१ जून

एडिटिंग शिकले, तेही स्वतःच. सत्तावीस चुका काढल्या. लॅपटॉप सारखा बंद पडतोय, जागा नाही म्हणतो. मूळ फाइल फारच मोठी आहे. सुधारलेली असताना बिघडलेली कशाला सांभाळायची? पुसली. पेनड्राइव्हवर आता वाचनालयाच्या पुस्तकांची यादी आहे.

पाचला उठण्याचा संकल्प १ जुलैनंतर.

२४ जून

वाचनालयात जुन्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचं संकलन होतं. कल्पना माझीच. सकाळी अकरापर्यंत पेटीत एक कॅल्क्युलेटर आणि दोन चार्जर. लोकांना उदाहरण लागतं. घरी जाऊन आमचा व्हीसीआर आणि कॅसेट घेऊन आले, सगळ्यांसमोर पेटीत टाकली आणि चार वाक्यं बोलले. मॅडमनी फोटो काढला. दुपारी गाडी आली आणि दारातच सगळं दाबून नेलं. कॅसेट मोडल्याचा आवाज साधारण बिस्किटासारखा असतो.

बाबांनी रिकामं टेबल बघून विचारलं. मी म्हटलं, आता त्याची गरजच नाही, १ तारखेला बघा.

२८ जून

चित्रपट तयार. अठ्ठेचाळीस मिनिटांचा एकतीस मिनिटांचा झाला. एकही चूक नाही. मी तीनदा पाहिला. दुसऱ्या वेळी डोळा लागला, पण ते थकव्यामुळे.

१ जुलै, संध्याकाळ

कार्यक्रम यशस्वी. नोंदी क्रमाने:

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. चाळीस मुलं, पंधरा पालक. मी प्रास्ताविक केलं. सिनेमा सुरू झाला. कोणी हसलं नाही, हे ठरल्याप्रमाणे झालं. कोणी घाबरलंही नाही. सातव्या मिनिटाला एका मुलीने मोठ्याने विचारलं, हा कधी पडणार? तिच्या वडिलांनी तिला पाणी प्यायला नेलं, ते दोघे परत आले नाहीत. विसाव्या मिनिटाला मुलं खुर्च्यांखालून एकमेकांचे पाय ओढत होती.

बाबा मात्र मध्यावर एकदम पुढे वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून. टॉवर आला, पडला. ते तसेच पुढे वाकून बसले. शेवटपर्यंत तसेच. एवढं लक्ष देऊन पाहणारे ते एकटेच होते.

घरी येताना त्यांनी विचारलं, तो टॉवर आता लगेच पडतो का गं? मी म्हटलं, लगेच. आता पकड आली आहे. ते म्हणाले, हो, छान झालंय. स्वच्छ झालंय.

६ जुलै, रविवार

बाबांना लॅपटॉप लावून दिला. त्यांनी टॉवरपर्यंत पाहिलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. तीनदा. मग झाकण मिटलं आणि आपलं अंथरूण घातलं. सकाळचे अकरा वाजले होते. नवीन गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

९ जुलै

बाबा जेवत नाहीत. दम्याच्या गोळ्या बदलायला हव्यात असं मी आत्याला म्हटलं. आत्याने हातातलं काम खाली ठेवलं. विचारलं, तो हात ठेवलास का?

मी विचारलं, कोणता हात?

आत्या म्हणाली, वहिनीचा.

९ जुलै, नंतर

आत्याने जे सांगितलं ते तसंच लिहिते. आईचं हलतं-चालतं चित्र जगात एवढंच होतं. चार सेकंद. तेही मनगटापर्यंत. आत्याला ते बघवत नाही म्हणून ती बाहेर जाते. बाबांना बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणून ते बघतात. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं का नाही? आत्या म्हणाली, तू दोन वर्षांची होतीस. नंतर सांगायचं राहून गेलं. आणि पोरी, तुला काही सांगायला तू थांबतेस कुठे?

रिमोटचं बटण अडकत नव्हतं.

१० जुलै

कॅसेटवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कॉपी ठेवली नव्हती. कचऱ्याच्या गाडीच्या ऑफिसात फोन केला. तिकडची बाई फार चांगली होती. माझं नाव-नंबर उतरवून घेतलं आणि मग म्हणाली, ताई, त्याचे आता प्लॅस्टिकचे दाणे झाले असतील.

पेनड्राइव्ह एका दुकानात दाखवला. त्यांनी वाचनालयाची यादी परत मिळवून दिली.

११ जुलै

हार मानणार नाही. उपाय सापडला आहे. बुटाचं खोकं, पांढरा कागद, स्केचपेनने खिडक्या. मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर. माझा हात. आत्याच म्हणते की माझी बोटं आईवर गेलीत. अंगठ्याला चिकटपट्टी लावली. रंग काढून टाकला, वरून थोडे ओरखडे घातले. सतरा वेळा शूट केलं. खोकं कलतं, हात येतो, सावरतो, जातो. कोणालाही फरक कळणार नाही. चार सेकंद अगदी बरोबर.

१३ जुलै, रविवार

बाबांना दाखवलं.

ते पुढे वाकले. हात आला, गेला. त्यांनी मागे नेलं, एकदाच. मग माझा हात हातात घेऊन अंगठा पाहिला. चिकटपट्टीचा डिंक अजून निघाला नव्हता. म्हणाले, छान केलंस गं. खिडक्या तर तिच्यापेक्षा सरळ काढल्यास.

मग म्हणाले, ती डावखुरी होती.

मी वही उघडून पाहिली. ८ जून. डावा हात. माझ्याच अक्षरात.

मग ते स्वतःहून बोलले. राक्षसाच्या डोळ्यांतून काही दिसायचं नाही. भोक गळ्यात होतं, त्यातून फक्त आपले पाय. शहर मांडलेल्या मोठ्या टेबलाखाली बसून आई फळी ठोकायची. एक ठोका म्हणजे डावीकडे वळ, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांब, पुढे कडा आहे. त्या दिवशी तीन ठोके त्यांना ऐकू आले नाहीत. खांदा टॉवरला लागला. रीळ शेवटचं होतं, म्हणून आई टेबलाखालून उठली आणि तिने तो धरला. डायरेक्टर नंतर म्हणाला, हे कापू. बाबा म्हणाले, राहू दे, एवढी एक चूक राहू दे. माझी आहे.

मी माफी मागितली. नीट जमलं नाही, मध्येच 'उद्देश' वगैरे शब्द आले. बाबा म्हणाले, अगं, तू मला वर न्यायला बघत होतीस. मग खोकला आला. मी पाणी आणलं.

१४ जुलै, सकाळ

पाचला उठले. संकल्प केला नव्हता.

माझ्या हाताचे चार सेकंद काढून टाकले. बाकीच्या तीस चुका परत आणता येत नाहीत, चेन नाही, माशी नाही, शिंक नाही. जिथे आईचा हात होता तिथे काहीच घातलं नाही. फक्त जागा ठेवली. टॉवर कलतो, मग पडदा काळा होतो, मग टॉवर पडतो.

चहा झाल्यावर लॅपटॉप बाबांसमोर ठेवला, काही न सांगता. काळं आलं तेव्हा त्यांनी तो थांबवला. थोड्या वेळाने खुर्चीच्या हातावर बोटाने ठोकलं. तीनदा. मग मागे नेलं. मी स्वयंपाकघरात गेले नाही, शेजारीच बसले.

यादीत भर घातली. चूक ३२: टॉवर पडण्याआधी चार सेकंद पडदा काळा. चूक माझी. काढलेली नाही.