मधल्या खोलीतली हवा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ता. ८ मार्च १९८३

ती. अक्कास,
चन्नबसप्पाचा सा. न. वि. वि.

इकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. जिल्हा झाल्यापासून लातुरात दर आठवड्याला नवं ऑफिस उघडतं आहे. आपल्या डाळमिलचं रस्त्यावरचं गोदाम मीही दिवाळीत एका सरकारी खात्याला भाड्यानं दिलं आणि तुरीची पोती घरात मधल्या खोलीत आणून रचली. मल्लिकार्जुनची आणि सूनबाईची खोली तिलाच लागून आहे, थोडी अडचण होते, पण चालायचं.

पत्रास कारण निराळं. सूनबाई शिवकांतेला दमा आहे. लग्नाला दहा महिने झाले, त्यातले चार-पाच महिने छातीत घरघर चालू आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सासू म्हणून लक्ष्मम्माचं म्हणणं असं, की माहेरच्यांनी दुखणं लपवून मुलगी दिली. मलाही आता तसंच वाटतं. तिला अहमदपूरला पोचवावं, बरी झाली तर पुढचं पुढे पाहू, असं घरात ठरलं आहे. व्याही बसवंतरावांना लिहिलेलं पत्र बंद करून सोबत ठेवलं आहे. सोयरीक तुम्ही जुळवली, तेव्हा ते तुमच्या हातून, दोन समजुतीच्या ओळींसह जावं. मल्लिकार्जुन यावर काही बोलत नाही.

तब्येतीस जपावे. गैरसमज नसावा.

आपला,
चन्नबसप्पा


नांदेड, ता. १२ मार्च १९८३

चि. चन्नबसप्पास,
उमादेवीचे आशीर्वाद. आज ते हात आखडूनच देते आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मला चष्म्याचा दोष वाटला. बत्तीस वर्षं मी लोकांच्या मुलींना विज्ञान शिकवलं, आणि माझ्या सख्ख्या भावाला कार्यकारणभाव ठाऊक नाही! शिवकांता कॉलेजची दोन वर्षं माझ्या घरी राहिली. त्या दोन वर्षांत ती एकदा खोकली, तेही माझा ठेचा खाऊन. सायकल दामटत कॉलेजला जायची आणि माझ्या आधी जिना चढायची. बसवंतरावांकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. असतं तर ते माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये मदरनं आम्हाला एकच गोष्ट घोटून शिकवली, की आधी नीट पाहा आणि मग तोंड उघडा. पोती दिवाळीत घरात आणलीस, हे तूच लिहितोस. घरघर चार-पाच महिन्यांची, हेही तूच लिहितोस. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर आहेत. डाळीतला खडा तुला दहा हातांवरून दिसतो, आणि हे दिसलं नाही?

बसवंतरावांचं पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि खणाची किल्ली माझ्या कमरेला. पाडवा होईपर्यंत मुलगी जागची हलणार नाही. त्यानंतरही तिला घराबाहेर काढायचीच असेल तर ती इथे नांदेडला येईल, आणि मग भाऊबीजेला कुणाच्या दारात उभं राहायचं ते तू ठरव.

तिला माझा निरोप दे. खोकला कुठे, कधी, काय करताना येतो, ते वहीत टिपून मला कळवावं. गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत.

माझा राग आल्यास येऊ दे. लोभ मात्र आटू देऊ नको, पाण्याचा दुष्काळ तेवढा पुरे आहे.

उमादेवी


लातूर, ता. १८ मार्च १९८३

ती. बाईंना (आता आत्याबाई म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही),
शिवकांतेचा शि. सा. नमस्कार.

चार दिवस टिपणं ठेवली. सकाळी मधली खोली झाडते तेव्हा सर्वांत जास्त त्रास होतो. पूर्वी मी फरशी पुसत असे. आता पाणी पिण्यालाच पुरत नाही, म्हणून कोरडा फडा मारते. पोत्यांच्या तळाचा बारीक भुसा उडतो, आणि दारापर्यंत पोचते तोवर मला खाली बसावं लागतं. रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून खिडकीला खिळे मारले आहेत. पूजेनंतर सासूबाई माझ्या छातीसाठी म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचा आणि धुपाचा धूर करतात. तो बाहेर जाऊ नये म्हणून दारही लावून घेतात. त्यांचा हेतू वाईट नाही, बाई. मग माझ्या पाठीला तेलही त्याच चोळतात.

सकाळी उठल्या उठल्याही थोडी घरघर होते, ती पोत्यांच्या आधीपासूनची. तिचं कारण मला लिहिता येणार नाही.

हे वेगळी खोली घेऊन राहू म्हणतात. मीच नको म्हटलं. मला या घरातून जायचं नाही. वडिलांना यातलं काही कळवू नका, धाकटीची स्थळं पाहणं चालू आहे.

आपली विद्यार्थिनी,
शिवकांता


नांदेड, ता. २२ मार्च १९८३

चि. चन्नबसप्पास,
आशीर्वाद.

सुनेची वही पोचली. तुझ्या सगळ्या खतावण्यांपेक्षा ती सरस आहे. आता मी सांगते ते कर, आणि लक्ष्मम्मालाही वाचून दाखव.

पोती घराबाहेर काढ. कुठे ठेवायची ते मला विचारू नको, भाडं घेताना मला विचारलं नव्हतंस. खिडकीचे खिळे आजच उपट. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा ती उघडावी, दुपारी रस्त्याची धूळ उडू लागली की लावावी. कोरडा फडा त्या खोलीत फिरता कामा नये. पाणी नाही ही सबब मला सांगू नको. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरा, त्यात पोत्याचा तुकडा पिळून फरशी पुसा, आणि ते काम महिनाभर मल्लिकार्जुननं करावं. बोलत नाही तर निदान वाकेल तरी.

धुराबद्दल लक्ष्मम्माला सांग, की चुलीपुढे बसून कुणाची छाती बरी झाल्याचं मी ऐकलेलं नाही. देवाला धूप अंगणातून दाखवावा.

अंथरुणाची काळजी नको. आपल्या अव्वाच्या कापसाची गादी मी लग्नात दिलीच आहे. तेवढी स्वच्छ वस्तू तुझ्या घरात दुसरी नसेल.

पाडव्याला निकाल कळव. मी नापास होत नसते.

उमादेवी


लातूर, ता. १९ एप्रिल १९८३

अक्कास लक्ष्मम्माचा शरणार्थ.

म्या सांगायलेय, सूनबाई लिहायलीय. एक अक्षर बदलायचं न्हाई म्हणून तिला शपथ घातलीय.

अक्का, तुमी लई शाण्या, हे आमाला लग्नापासून ठाव हाय. तुमच्या पत्रापरमानं पोती गेली. त्यापायी मालकांनी मिलच्या आवारात पत्र्याचं शेड मारलं आन् तीन दिस माझ्याशी बोलले न्हाईत, जसं काय पत्र म्याच धाडलं व्हतं. खिळे काढले. मल्लू रोज गुडघ्यावर बसून फरशी पुसतो, शेजारणी बघायला येतेत. धूप अंगणात. देवाला तिथून वास कसा पोचंल म्हणून मालकांना इचारलं, तर म्हणले त्याला भिताडं आडवी येत न्हाईत.

पोरीची दिवसाची घरघर गेली. हाव, कबूल. पण सकाळची काही जाईना. मग म्या म्हणलं, अक्कानं आमची समदी खोट काढली, तर अक्काचीबी एखादी गावंलच. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी ह्या दोघांची गादी उन्हात टाकली आन् काठीचा एकच रट्टा हाणला. आगं बाई! असा धुराळा उठला, की मांजर शिंकत पळालं. चार दिस पोरीला चटईवर निजवली. चारी सकाळी छाती साफ. गादी कुणी दिली, ते म्या सांगत न्हाई.

पोरीला इचारलं, आगं मंग बोलली का न्हाईस? तर म्हणती, बाईंनी त्यांच्या आईची आठवण म्हणून दिलेली, कसं सांगू. रडली. लपवणारी पोर न्हाई ती, अक्का. चुकलं माझं. पर तुमचंबी चुकलं.

येत जावा. ठेचा म्या करते, तुमचा नगं.

लक्ष्मम्मा


नांदेड, ता. २३ एप्रिल १९८३

सौ. लक्ष्मम्मास,
उमादेवीचे आशीर्वाद, या खेपेला दोन्ही हातांनी.

अव्वाच्या गादीतला कापूस मी वीस वर्षं पेटीत ठेवला होता. लग्नाआधी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, तिच्या इरकली लुगड्याची खोळ शिवली, आणि पिंजला म्हणजे नवा झाला असं धरून चालले. वीस वर्षांची धूळ मी त्या पोरीच्या नाकाखाली अंथरली आणि वर तुम्हा सगळ्यांना शहाणपण शिकवलं. आधी पाहायचं ते तू पाहिलंस. माझी चूक झाली. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही, तेव्हा कागद जपून ठेव.

कापूस ठेवू नका. मल्लिकार्जुननं तोंडाला ओलं फडकं बांधून शेतात नेऊन खोळ उसवावी आणि कापूस पुरून टाकावा. जाळू नये, आणि शिवकांतेनं तिथे उभंही राहू नये. लुगडं मात्र धुऊन घे आणि त्या खिडकीला पडदा कर. दुपारी वारा सुटला की ओला करून सोडावा. कोंदट खोलीत अव्वा कधी बसली नाही, तिला ती जागा आवडेल.

शिवकांते, ते पत्र तू लिहिलंस आणि हेही तूच वाचून दाखवते आहेस, म्हणून तुला सांगते. माझ्या वर्गात चुकीचं उत्तर फळ्यावर मी लिहिलं तरी हात वर करायचा असतो.

चन्नबसप्पाचं बसवंतरावांना लिहिलेलं पत्र खणातून काढून सोबत परत पाठवते. फोडलेलं नाही. लक्ष्मम्मा, बोलण्याची सुरुवात तुझ्यापासून झाली होती, तेव्हा त्याचं काय करायचं ते तूच ठरव.

ठेचा खायला येते. तिखट कमी पडलं तर तसं तोंडावर सांगेन.

उमादेवी


लातूर, ता. ३० एप्रिल १९८३

ती. आत्याबाईंना (पाहा, वळली जीभ),
शि. सा. नमस्कार.

पडदा लागला. दुपारी त्यातून येणारा वारा गार असतो आणि मामंजी हिशेबाची वही घेऊन मधल्या खोलीतच येऊन बसतात. डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या कमी केल्या, पण बंद केलेल्या नाहीत. धूळ दिसली की मी लांब राहते. काल जिन्यावरून न थांबता गच्चीवर गेले. हे मागे मोजत येत होते, एकवीस पायऱ्या.

आपला लोभ आहे, आणि आता मी तो न घाबरता मागू शकते.

आपली,
शिवकांता

ता. क. तुम्ही परत पाठवलेलं ते पाकीट सासूबाईंच्या हाती दिलं. त्यांना वाचता येत नाही, आणि आत काय आहे हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. तशाच स्वयंपाकघरात आल्या, स्टोव्हपाशी वाकल्या, काडी काढली. मी शेजारीच भाकरी थापत होते. माझ्याकडे पाहिलं आणि काडी परत पेटीत ठेवली. मागच्या दारानं पार आवाराच्या टोकाला गेल्या. तिथे पदर धरून वारा कुठला आहे ते पाहिलं. वारा घराकडे होता. मग पाकीट मांडीवर घेऊन त्या लिंबाखाली अर्धा तास बसून राहिल्या, आणि वारा फिरल्यावर ते जाळलं.