बिनमहिरपीचं ताट

टौरंगा, न्यूझीलंड
४ मे २०२५

चि. देवव्रत यास आशीर्वाद.

तुझा मेसेज आला. तू लिहितोस, माझ्याकडच्या जेवणानंतर निवेदिता धड जेवत नाही, विचारलं तर रडते, कारण सांगत नाही. आणि कारण कळेपर्यंत तुझी अनुष्का जुलैच्या सुट्टीत माझ्याकडे येणार नाही. म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. माझी तब्येत बरी आहे. झाडाचे फेजोआ यंदा पुष्कळ पडले. शेजारच्या चंद्रशेखरांना पिशवी भरून दिले, तरी अंगणात सडा आहेच.

पत्र मुद्दाम मराठीत आहे. तुला चार ओळींच्या पुढे वाचता येत नाही, तेव्हा निवेदिता वाचून दाखवतील. साताऱ्याच्या आहेत, नर्स आहेत, कठीण बातमी सांगायची सवय आहे. निवेदिता, मध्ये थांबू नका, काही गाळू नका. मी तुम्हाला अहो-जाहो करते याचं तुम्हाला वाईट वाटतं असं देवव्रत म्हणाला. अगं-तुगं मी सुनेशी करते. माझी सून सानिका, ती वेलिंग्टनला आहे.

आता त्या दिवशीच्या जेवणाच्या टेबलाचं. ते मी नाही, अनुष्काने सजवलं होतं. शाळेत पानगळीचं ऑटम टेबल करतात म्हणे. आठवडाभर आम्ही दोघी पार्कातून पानं वेचत होतो. मधोमध करडा भोपळा, त्याच्या बाजूला पर्सिमनची फळं आणि पाईनची बोंडं. ताटांभोवती काय करायचं तिला सुचेना, तेव्हा मी सांगितलं, आपल्याकडे सणाला ताटाभोवती रांगोळीची महिरप काढतात, तू पानांची काढ. पोर दोन तास खपली. माझ्या ताटाला पिवळी, निवेदितांच्या ताटाला तपकिरी, तुझ्या ताटाला लिक्विडांबरच्या झाडाची लालभडक. सगळ्यात चांगली पानं तिने तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी तुझ्या ताटाभोवतीची पानं उचलली.

तुला काहीच कळलं नाही. तू बसलास, बटाट्याची भाजी छान झाली आहे म्हणालास, नव्या गाडीबद्दल बोलत राहिलास. अनुष्का परत आली आणि म्हणाली, "आजी, यू फरगॉट डॅड." मी म्हटलं, राहू दे, वाढलं आहे, बस. पण निवेदितांनी बघितलं होतं. निवेदिता, आता हे त्याला नीट सांगा: श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत. सगळ्यांच्या ताटांना महिरप आणि एकच ताट उघडं, याचा अर्थ काय होतो तोही सांगा.

माझा श्राद्धावर विश्वास नाही. मी केमिस्ट्री शिकलेली बाई. तुझ्या वडिलांचंही कधी केलं नाही. पण कुठलं ताट कसं मांडतात ते मला येतं. बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीला सोडून ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला दुसरं घर मांडणाऱ्या माणसाला मला काय सांगायचं होतं, ते मी त्याच्या भाषेत सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. म्हणून त्याच्या शेजारी बसणारीला तिच्या भाषेत सांगितलं. नेमकं पोचलं.

निवेदितांनी काय केलं तेही लिहिते, नाहीतर मी अर्धं सांगितलं असं होईल. त्यांनी आपल्या ताटाभोवतीची पानं एकेक करून उचलली आणि तुझ्या ताटाभोवती लावली. अनुष्काने विचारलं, तुझं काय? तर म्हणाल्या, "मला नको गं, बाबाचं पूर्ण होऊ दे." मग उघड्या ताटावर बसून जेवल्या. मी त्यांना आणखी भात वाढला. घेतला त्यांनी.

सानिकाला मी फोन करून सगळं सांगितलं. तिच्यासाठीच केलं होतं. ती म्हणाली, "आई, माझ्या नावावर हे घालू नका. तुम्ही माझ्या मुलीच्या हातची पानं उचललीत." जुलैत ती अनुष्काला सुट्टीतल्या हॉलिडे प्रोग्रॅमच्या शिबिराला घालणार आहे. म्हणजे तुम्हा दोघांचं एका बाबतीत तरी एकमत झालं.

मी माफी मागावी अशी तुझी अपेक्षा असेल. मागणार नाही. माफी मागून नात मिळवली तर ती पुढच्या सुट्टीत पुन्हा काढून घेता येते, एवढं मला समजतं. अनुष्काची खोली रिकामी केली आहे. वर चि. लिहिलं ते हाताच्या सवयीने. खोडत नाही.

चंद्रशेखरांचा सुशांत ऑकलंडला जात आहे. त्याच्याकडे दिलं ते असं:

अनुष्काचे गमबूट, पोहायचे टॉग्ज, रेनकोट. उशाशी घेते तो ससा, धुऊन. फेजोआचा जॅम, तिच्यापुरता. तुझ्याकडे असलेली माझ्या घराची किल्ली सुशांतकडेच परत दे.

आणि एका डब्यात लाल पानं. तिने तिच्या बाबासाठी निवडलेली. इतके दिवस माझ्या ॲप्रनच्या खिशात होती, कडा मोडल्या आहेत. तिची तिला द्यावीत.

तुझी आई,
आशालता