भिंतीला लावलेला ओला हात

माय, काल मी पुन्हा एका भिंतीला ओला हात लावला. नातीनं घर दुरुस्तीला काढलंय, इथंच अंबाजोगाईत. न्हाणीघर नवं केलंय, पाणी तापवायची टाकी भिंतीवर बसवलीय, आणि वायरमन हातातलं मीटर दाखवून सांगत होता की सगळं ठीक आहे. नातीचा त्याच्यावर विश्वास होता, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. म्हातारा उगाच खोड काढतो असं कुणाला वाटू नये म्हणून मी आधी मान डोलावली. मग राहवेना. त्याला म्हटलं, भिंतीवर दोन तांबे पाणी ओत आणि मग बघ. तो हसला, पण त्यानं ओतलं. मीटरचा काटा हलला. माझा हात तर काटा हलायच्या आधीच भिंतीला लागला होता, आणि मनगटात मुंग्या आल्या तशी तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात अंगापासून लांब धरून, तशीच.

ती दुपार मला नेहमी पिवळसर दिसते. निजामाचं राज्य, कागदोपत्री आपल्या गावाचं नाव मोमिनाबाद. मालकांच्या घराची डागडुजी चाललेली. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि मालकांच्या मनानं घेतलं होतं की तिच्या खोलीत बिजलीचा दिवा लागला पाहिजे. त्या बिजलीसाठी परसात इंजन बसवलेलं. त्याची धडधड जमिनीतून पायाला कळते, आणि खोलीतला दिवा तिच्या तालावर किंचित थरथरतो. माणसं दारात उभी राहून नुसती बघत राहतात. दिवसाउजेडी लागलेला दिवा, त्याचा काही उपयोग नाही, तरी बघत राहतात. मी हैदराबादेत दोन वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली राहून आलेलो, अंगात शहरी सदरा. सगळ्या घरात तार मीच ओढली होती. तू त्याच घरात भिंती लिंपायला होतीस. मला त्याची थोडी लाज वाटायची. थोडी नाही, बरीच.

मालकीणबाईंना तार डोळ्यांसमोर नको होती. म्हणून त्या खोलीत मी ती लाकडी पट्टीतून न नेता भिंतीत खाच पाडून आत घातली. मधे तार कमी पडली, तिथं जोड दिला, त्यावर कापडी पट्टी गुंडाळली, आणि वर तू गिलावा चढवलास. हैदराबादेत उस्ताद असंच करायचा. पण तिथल्या भिंती चुन्याच्या. आपल्याकडं माळवदाची घरं, आणि भिंतीला ती पांढरी माती, जिभेला लावली तर खारट लागणारी. माळवदावरून पाझरलेली ओल ती माती दिवसेंदिवस धरून ठेवते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच मातीत वाढलो होतो. पण शहरातून शिकून आलेल्या माणसाला गावातलं काही आठवत नाही, किंवा तो आठवू देत नाही.

तू त्या भिंतीवर मातीचा दुसरा हात देत होतीस. परसात इंजन चालू होतं. एकाएकी तू हात मागं घेतलास, परत लावलास, परत मागं घेतलास. मग मला हाक मारलीस. चारचौघं बघत असताना मी आलो आणि तू म्हणालीस, "ही भित चावतीय बघ. हाताला मुंग्या येत्यात."

मी हात पुसले, भिंतीला लावले. काही नाही. बिजली तारेतून जाते, भिंतीतून नाही, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला समजावलं. लोक हसले. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. म्हणालीस, "कोरड्या हातानं कावून बघतूस? बाळतीन काय कोरडी ऱ्हाती व्हय?"

तेव्हा मी जे बोललो ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. म्हणालो, शेणामातीच्या हातांना यातलं काय कळतं, तू आपलं काम कर. माय, हे मी तुला म्हणालो. ज्या हातांनी मला न्हाऊ घातलं त्या हातांना म्हणालो. आणि तू खरंच वळलीस, आणि ती भिंत सोडून पलीकडची लिंपायला लागलीस.

पण तुझं बोलणं डोक्यातून जाईना. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. तिथं सव्वा महिना रोज घंगाळभर कढत पाणी येणार, भिंतीवर उडणार, ओल्या अंगानं ती पोर उठताना भिंतीचाच आधार घेणार, मांडीवर तान्हं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजनवाल्याला मी ते चालू करायला लावलं, खोलीत एकटा शिरलो आणि तांब्यात हात बुडवून भिंतीला टेकवला. कोपरापर्यंत झटका गेला. मी किती वेळ तिथं बसून होतो आठवत नाही. दिवा थरथरत होता, ओल्या मातीचा वास येत होता, आणि मला ती पोर दिसत होती, न आलेली, भिंतीला हात लावणारी.

मग इंजन बंद करवून मी खाच उकरली. जोडावरची पट्टी भिजून लिबलिबीत झालेली. आवाज ऐकून मालक आले. लिंपलेली भिंत कावून फोडली, असं त्यांनी विचारलं. तू दारातच होतीस, पाटी घेऊन. मी म्हणालो, काम पुरं झाल्यावर आम्ही ओल्या हातानं तपासतो, हैदराबादेत तसंच शिकवतात. जोड काढून तार सगळी लाकडी पट्टीतून भिंतीवरून नेतो. मालकांनी माझी पाठ थोपटली. पुढं त्यांनीच उर्दूत चिठ्ठी लिहून दिली, तिच्यावर मला नोकरी लागली, आणि माझं सगळं आयुष्य त्या चिठ्ठीवर उभं राहिलं.

तू पाटी घेऊन कामाला लागलीस. त्या संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापत होतीस, जाळाचा उजेड तुझ्या हातांवर होता. मी वाट बघत होतो, ओला हात लावायचं मीच सांगितलं होतं असं आता म्हणशील, मग म्हणशील. म्हणाली असतीस तर मी पाया पडलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. तू भाकरी माझ्या ताटात टाकलीस आणि एवढंच म्हणालीस, "आता पोर सुखानं न्हाईल." तुझ्या मनात तेवढंच होतं. माझी अब्रू, माझं खोटं, यातलं काही तुझ्या हिशेबी नव्हतंच. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

पुढं हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत राहिलो, ज्या भिंतीला पाणी लागणार ती ओली करून बघा, कोरड्या भिंतीवर तपासून घराचा दाखला देऊ नका. लोक तिला माझी रीत म्हणतात. काल वायरमननं टाकीमागची तार काढून दाखवली, तिचं आवरण खिळ्यानं सोललं गेलं होतं. तो ओशाळला. मग त्यानं आदरानं विचारलं, "आबा, हे कुठं शिकलात?"

माय, मी मनाशी ठरवलं होतं की कधी कुणी असं थेट विचारलं तर सांगायचं. तोंडातून आलं, "हैदराबादेत."

म्हणून आज बसून लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्या माणसाला सगळं कळलं असतं. तू असताना मी एकही ओळ का लिहिली नाही, ते आता मला कळतंय. मघाशी नात चहा घेऊन आली, एवढं काय लिहिताय म्हणाली. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, सामानाची यादी.