फुलीची जागा

प्रिय गौरजा,

अनेक आशीर्वाद. बाबांचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं बरं आहे. तुझी आई मागच्या दारी केरसुणीसाठी माडाच्या झावळांचे हीर काढत बसली आहे आणि मी काय लिहितोय ते तिला ठाऊक नाही. फोन करता आला असता, पण गेल्या सहा वर्षांत फोनवर आपलं बोलणं 'जेवलंस?' आणि 'होय'च्या पुढे गेलेलं नाही. मला तोंडाने जमत नाही, बाय. हाताने जमतं. जन्मभर अक्षरंच काढली.

डिसेंबर लागला की होड्यांवर नावं घालायचं काम थांबतं आणि लॉजवाल्यांच्या पाट्या सुरू होतात, हे तुला सांगायला नको. तारकर्लीपासून देवबागपर्यंत सगळ्यांना एकदमच जाग येते. पाटीवर सरळ रेघ पाडायला खडूची दोरी ताणायची, तिचं एक टोक मी धरायचो आणि दुसरं तू. मधे टिचकी मारली की पांढरा धुरळा तुझ्या नाकात जायचा, तू शिंकायचीस आणि रेघ वाकडी व्हायची. मग मी ओरडायचो. आता दुसरं टोक खिळ्याला बांधतो. खिळा शिंकत नाही. रेघा एकदम सरळ येतात, आणि त्या बघून मला काही आनंद होत नाही.

गेल्या गुरुवारी तुझे सासरे पास्कोल स्वतः आले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या कुंपणाचं बेडं उघडलं. काखेत ती पाटी होती. कुठली, ते तुला सांगायची गरज नाही. खाऱ्या वाऱ्याने रंग पार गेलाय, अक्षरं नीट दिसतही नाहीत. म्हणाले, "भिकाजी, आता परत रंगव. तुज्या हाताची पाटी लागल्याशिवाय आमचो नाताळ सुरू होणा नाय."

मी पाटी हातात घेतली आणि मान वर करू शकलो नाही.

आता लिहितो ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. तुझं लग्न कुडाळला रजिस्टर झालं आणि मी आलो नाही. आई आली, मी त्या दिवशी कट्टा गावात एका दुकानाची पाटी रंगवत बसलो. तरी पहिलं पाऊल त्या माणसाने उचललं. खोल्या भाड्याने द्यायला नुकत्याच सुरू केल्या होत्या. पाटी पाठवली आणि निरोप दिला, इंग्रजीत मेरी ख्रिसमस लिहा, आमचे व्याही तालुक्यातले सगळ्यात बरे पेंटर. मी लिहिलं 'मेरी एक्समस'. एक्स म्हणजे सरळ फुली.

आपल्या धंद्यात फुली म्हणजे काय, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? होडी विकली गेली की जुन्या नावावर आधी खडूने फुली मारायची, ती जुन्या मालकाने बघायची, मगच नाव खरवडायचं. ही माझ्या बापाची रीत. फुली पडली की ते नाव संपलं. 'गंगासागर' वेंगुर्ल्याच्या माणसाने घेतली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. त्या नावाची दोरी तू धरली होतीस म्हणून माझ्या हातातला खडू ओढून घेऊन रडलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

म्हणून ती पाटी देवबागला त्यांच्या घरावर लागली तेव्हा बाकी सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू एकटी गप्प उभी होतीस, असं आई सांगते. दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि बेड्याबाहेरूनच विचारलंस, "बाबा, जागा पुरूक नाय काय?" मी म्हटलं, "नाय पुरूक." तू तशीच मागे वळलीस. त्यानंतर दर डिसेंबरला म्हापशाहून तुमची गाडी येते, आपल्या बेड्यासमोरून देवबागला जाते आणि चार दिवसांनी परत जाते. आई तिकडे येऊन तुला भेटते. मी पडवीत असतो. मागच्या काचेला रियाचं नाक लागलेलं असतं, तेवढीच मला माझी नात दिसते.

गुरुवारी मी पास्कोलना म्हटलं, यंदा पूर्ण ख्रिसमस लिहितो, फुली काढून टाकतो. तर ते उखडलेच. "ती फुली कित्याक काढतंस? तोच तर आमचो देव!" मग त्यांनी मला पडवीत बसवून शिकवलं, लहानपणी पाद्रींनी त्यांना शिकवलं तसं. ख्रिस्ताचं नाव जुन्या ग्रीक भाषेत लिहिलं तर पहिलं अक्षरच फुलीसारखं येतं, त्याला म्हणे 'खी' म्हणतात. हजार वर्षांपूर्वी पोथ्या हाताने उतरवायचे, तेव्हा तेवढं एक अक्षर काढलं की वाचणाऱ्याला पूर्ण नाव कळायचं. जागा वाचायची आणि मानही राहायचा. आणि पुढचा 'मस' म्हणजे त्यांच्या देवळातली प्रार्थना, मिस्सा. मी म्हटलं, एवढ्याशा फुलीत अख्खा देव? तर हसून म्हणाले, "तू होडयेर नुसतो 'श्री' घालतंस, तसाच ता. आणि तुजी बायल तरी तुजा नाव खंय घेता?"

आई आत चहा गाळत होती, ती लाजली. तुला माहीत आहे, बँकेतल्या बाईने नवऱ्याचं नाव विचारलं तरी ही माझ्याकडे बोट दाखवते. घरात मला हाक मारायची तर 'गौरजाचे बाबा'. सहा वर्षं रोज दहा वेळा तुझं नाव या घरात असं निघतं आणि दरवेळी मी ओ देतो.

जाताना पास्कोल जे बोलले ते मला झोंबलं. म्हणाले, सहा वर्षं मी सगळ्या पाहुण्यांना सांगतो, आमचे व्याही हिंदू, पण त्यांना आमच्या देवाचं अक्षर ठाऊक, किती मानाने लिहिलंय बघा. ज्या माणसाचा अपमान करायला निघालो होतो त्याने सहा वर्षं माझं कौतुक केलं आणि अपमान तेवढा तुला पोचला.

गौरजा, जागा होती. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा होती. मला ते नाव लिहायचंच नव्हतं. त्यावर फुली मारायची होती, त्या घरावर, तुझ्या लग्नावर. देवाने माझ्या हातून आपलं नाव लिहून घेतलं, त्यात माझं काही श्रेय नाही. माझं चुकलं, बाय.

पाटी रंगवून झाली आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं, तुला आवडायची तशी. फक्त फुलीची जागा कोरी ठेवली आहे. तिच्या दोन तिरक्या रेघा खिळ्याला दोरी बांधूनही पडतील, पण मी पाडणार नाही. चोवीस तारखेला देवबागला जाताना गाडी आपल्या बेड्याशी थांबव. आग्नेललाही आत घेऊन ये, जावई असून त्याला मी अजून चहासुद्धा विचारलेला नाही. बेडं मी सकाळपासून उघडं ठेवतो. तू फक्त दोरीचं दुसरं टोक धर. शिंकलीस तरी मी ओरडणार नाही.

वाट बघणारा, तुझाच
बाबा